कॅप्टनला मागे टाकण्याचा हिवाळा

गुडगावात तेव्हा रोज नवी इमारत उभी राहत होती, पण चढ शोधायला शहराबाहेर जावं लागायचं. म्हणून आमचा धावण्याचा क्लब रविवारी पहाटे फरिदाबादच्या रस्त्याला, अरवलीच्या टेकडीवर जमायचा. क्लबातले बहुतेक जण परदेशी कंपन्यांतले साहेब. मी मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायची. शेजारीण घेऊन गेली म्हणून गेले आणि धावण्याची गोडी लागली म्हणून राहिले.

क्लब ज्यांनी सुरू केला होता, त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. उंच, देखणा, मोठ्या आवाजाचा माणूस. माझ्या पहिल्याच रविवारी त्यांनी फर्मावलं, "छह बार ऊपर, छह बार नीचे!" तिसऱ्या फेरीला माझा श्वास संपला. चौथ्या फेरीला मी गुडघ्यांवर हात टेकत वर पोचले आणि खाली बघते तर गाड्या निघालेल्या. सगळे पराठे खायला गेले होते. माझी पिशवी, पाणी, फोन कॅप्टनच्या गाडीत. मी तासभर रस्त्याच्या कडेनं चालले. शेवटी दुधाच्या एका टेम्पोवाल्यानं घराजवळ सोडलं.

पिशवी संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर आली. सोबत निरोप : आम्हाला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाच्या गाडीत आहात. मी ते मानलंही असतं. पण सोमवारी क्लबच्या सगळ्यांना कॅप्टनची मेल आली. त्यात तिसऱ्या फेरीला मी धापा टाकत वाकले होते तेव्हाचा फोटो, आणि खाली 'हमारी बैलगाड़ी'. हसणाऱ्यांची उत्तरं दिवसभर येत राहिली. त्यात माझी शेजारीणही होती.

माझे मिस्टर सैन्यात जवानांना कवायत शिकवायचे. नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी मेल वाचली आणि चपला घातल्या. "जाऊन बोलतो त्याच्याशी."

"नको," मी म्हटलं. "मला चढ शिकवा."

आमच्या घरामागे उड्डाणपुलाचं काम अडलं होतं. डांबर नसलेला तो चढ वर जाऊन एकदम हवेत संपायचा, पुढे नुसत्या सळया. कामावर जाण्याआधी रोज मी तिथे धावायची आणि हे खाली शिट्टी घेऊन उभे. "वर बघू नकोस. दहा पावलांपुढचं बघ. पाऊल लहान टाक, हात जोरात हलव." थांबावंसं वाटलं की मी तो फोटो आठवायची. खरं सांगते, तब्येतीचा विचार एकदाही मनात आला नाही. मला फक्त त्या माणसाची पाठ बघायची होती, आणि मग तीही नको होती.

थंडी सुरू झाली तेव्हा मी टेकडीवर परत गेले. कॅप्टन हसून म्हणाले, "अरे, आप? वेलकम बॅक!" पाच फेऱ्या मी त्यांच्या मागे राहिले, माझा श्वास त्यांना ऐकू जाईल इतकी जवळ. सहाव्या फेरीला, वर जिथे सगळे दम खायला उभे असत तिथे पोचता पोचता, त्यांच्या शेजारी आले. "चलिए सर, बस थोड़ा ही है," असं म्हणून पुढे गेले.

ते म्हणाले, गुडघा दुखतोय. पुढच्या रविवारी बूट नवे होते. त्याच्या पुढच्या रविवारी आदल्या दिवशीचं लग्नाचं जेवण बाधलं होतं. मी दर वेळी तेच केलं. खालीच पुढे जाता आलं असतं, पण गेले नाही. सगळ्यांच्या समोरच जायचं होतं मला.

एका रविवारी माझ्या मागे राहायचं नाही म्हणून त्यांनी सुरुवातीपासूनच जीव तोडला आणि पाचव्या फेरीला रस्त्याच्या कडेला बसून ओकले. दर रविवारी सोबत येणारी त्यांची बायको पाणी घेऊन धावली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी थांबले नाही. वर गेले, खाली आले आणि त्यांच्या शेजारून सहावी फेरी पूर्ण केली.

त्यानंतर कॅप्टन आले नाहीत. गुडघ्याच्या कारणानं क्लब सोडत असल्याची मेल तेवढी आली. त्यावर कुणी फार लिहिलं नाही.

महिन्याभरानं त्यांची बायको बाजारात भेटली. मी नमस्ते केलं, तर ती सरळ म्हणाली, "उस दिन दो मिनट रुक जातीं तो आपका क्या जाता?"

"जिस दिन मैं पीछे छूटी थी, आप लोग क्यों नहीं रुके?"

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "मैंने कहा था इनसे कि आप ऊपर हैं. बोले, आ जाएगी."

म्हणजे मला मागे सोडून जाणं ही नजरचूक नव्हतीच. बाजारात येईपर्यंत मनात थोडी बोच होती, त्या ओकण्याच्या दिवसाची. ती तिथेच गेली. मी मटार घेतले आणि घरी आले.

यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ मटार सोलत राहिले. मग म्हणाले, "झालं ना आता? या रविवारी जरा सावकाश धाव."

मी हो म्हटलं. पण रविवारी सावकाश काही धावले नाही.