बुडखा खाली, शेंडा वर

सदूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुवेतच्या शर्क भागातल्या आमच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, चहात बिस्कीट बुडवत बसलो होतो. फोन त्याच्या मुलाचा, प्रकाशचा, राजापूरजवळच्या आमच्या गावाहून. "काका, बाबा सकाळी गेले. पडवीत फळी रंधत होते, मध्येच खाली बसले ते…" बिस्कीट चहात पडलं. मी समोरच्या काँक्रीटच्या भिंतीकडे बघत राहिलो. चौदा वर्षं मी त्या भिंतीला खेटून बसतो आणि तिला शिव्या घालतो, कारण ती खरखरीत आहे आणि तिनं माझे तीन शर्ट फाडलेत. ती भिंत बघायची कशी हे मला सदूभाऊनं गेल्या हिवाळ्यात शिकवलं. तो फोन येऊन आता महिना उलटून गेला, पण लिहायचंय ते त्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवाराबद्दल.

सदूभाऊ माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. विशीत कुवेतला आला तो सेंटरिंगचा सुतार म्हणून. काँक्रीट ओतण्याआधी जो लाकडी साचा उभारतात, तो हा करायचा. काँक्रीट धरलं की साचा खोलायचा, फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या. बायको-मुलं गावी, हा इथे जलीबच्या मजूरवस्तीत, एका खोलीत पाच जणांबरोबर. चाळीस वर्षं हा माणूस रोज काहीतरी उभारत होता आणि रोज ते मोडून नेत होता. पण त्याची एक गोष्ट होती. आल्या आल्या वर्षभरातच त्याला जहरा गावातल्या एका इमारतीची मागची भिंत एकट्यानं करायला दिली होती. नकाशात फळ्या आडव्या होत्या. याला नकाशा वाचता येत नव्हता. वडिलांनी शिकवलं होतं की लाकूड उभं करायचं ते झाड उभं होतं तसं, बुडखा खाली, शेंडा वर, नाहीतर घर फळत नाही. यानं सगळ्या फळ्या उभ्या ठोकल्या, एकेकीचा बुडखा तपासून. काँक्रीट ओतून दुसऱ्या दिवशी साचा खोलल्यावर मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, फोरमननं डोकं धरलं, कारण त्या इमारतीला गिलावा नव्हता, फळ्यांच्या रेषा काँक्रीटवर तशाच दिसायच्या होत्या. भिंत पाडायची ठरली. तेवढ्यात ज्याचं जगात नाव आहे तो आर्किटेक्ट, सदूभाऊच्या भाषेत 'उंच साहेब', तिथे आला. त्यानं भिंतीवरून हात फिरवला आणि ती ठेवायला सांगितली.

एवढीच गोष्ट. आता आमच्या घराण्यात नकला करायचं खातं माझ्याकडे आहे, वयाच्या बाविशीपासून बावन्नपर्यंत, बढती नाही. प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी, केळीची पानं पुसता पुसता, मी ही गोष्ट सांगायचो. माझ्या आवृत्तीत उंच साहेब सदूभाऊच्या पाया पडायचा. पुढे पुढे तर खुद्द कुवेतचे अमीर यायचे आणि "सदू, राजवाड्याचं पण तूच बघ" म्हणायचे. मंडळी लोळायची. सदूभाऊही हसायचा. मग कधीतरी त्यानं स्वतः ती गोष्ट सांगणं सोडलं. मला वाटलं, विसरला असेल…

गेल्या हिवाळ्यात गार्गी, माझी मुलगी, पुण्याहून सुट्टीला आली. आर्किटेक्चरला आहे. जेवताना म्हणाली, "पपा, मला एक आर्किटेक्ट डॉक्युमेंट करायचाय. त्याच्या तीन बिल्डिंग्ज इथे आहेत. शर्कचं एक ऑफिस, हवल्लीची शाळा आणि सगळ्यात पहिली, जहराची लायब्ररी." त्या माणसाचं नाव तिनं दोनदा सांगितलं. मला ते उच्चारता येत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. तिनं फोटो दाखवला. फोटोत शर्कची इमारत, म्हणजे मी चौदा वर्षं जिथे शर्ट फाडून घेतोय ती. आणि दुसऱ्या फोटोत मजुरांच्या मधोमध एक उंच, वाकलेला माणूस.

मी सदूभाऊला फोन केला. साठी उलटल्यामुळे कंपनीनं त्याला निरोप दिला होता, महिनाअखेरीला तो कायमचा गावी निघणार होता. जहराचं नाव काढताच तो म्हणाला, "बाळ्या, मला नेशील?"

"इतकी वर्षं इथेच होतास की. गेला का नाहीस?"

"एकट्यानं जाऊन काय करू? हाय म्हणून सांगायला दुसरा माणूस नको? मी सांगितलेलं तर तुम्ही ऐकलंय."

यात टोमणा होता का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याला काय हवं होतं ते त्या रात्री कळलं. जाण्याआधी आपल्या माणसांपैकी एकानं तरी ती भिंत डोळ्यांनी बघावी.

शुक्रवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्यावर उभा होता, एखाद्या नवरदेवाच्या काकासारखा. माझ्या बायकोनं घावणे दिले होते, ते शर्क येईपर्यंत संपले. माझ्याच ऑफिसच्या इमारतीत मी त्या दोघांच्या मागून पाहुण्यासारखा हिंडलो. भिंतीवर उभ्या रेषा होत्या. गार्गी म्हणाली की पुस्तकांत लिहिलंय, कुवेतमधल्या पहिल्या इमारतीनंतर त्या आर्किटेक्टनं आडव्या रेषा सोडून उभ्या घेतल्या, खजुराच्या खोडांवरून. सदूभाऊनं माझ्या टेबलामागच्या भिंतीवर बोट ठेवलं. "बाय, हे बघ. लाकडाची रेघ कमानीगत असते, आणि कमानीचं टोक शेंड्याकडं असतं. हिथं एक टोक वर, एक खाली. कुणीतरी मिळेल तशी ठोकलीय." गार्गीनं नाक भिंतीला लावलं. मीही लावलं. चौदा वर्षांत मला तिथे फक्त खिळे मारायच्या जागा दिसल्या होत्या.

हवल्लीची शाळा शुक्रवारच्या सुट्टीमुळे बंद होती. आम्ही कुंपणाशी घुटमळतोय तोवर सदूभाऊनं खिशातून ओळंबा काढला आणि बाहेरच्या भिंतीला लावून एक डोळा मिटला. आतून रखवालदार धावत आला. त्याला वाटलं, आम्ही बलदियाकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, तपासणीला आलोय. मी खुलासा करणार इतक्यात गार्गीनं मला कोपर मारलं. फाटक उघडलं, चहा आला, साखर वेगळी. सदूभाऊनं गंभीरपणे चारही भिंती तपासल्या आणि निघताना त्या घाबरलेल्या माणसाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सब सीधा है." तो बिचारा गाडीपर्यंत सोडायला आला.

जहराकडे सहाव्या रिंग रोडनं निघालो. मोबाइलमधली बाई एक सांगत होती, सदूभाऊ दुसरं. "त्या पुलाच्या खांबाचा साचा माझा. तिथनं उजवीकडं." मी दोघांचं ऐकलं आणि दोनदा चुकलो. गाडीत नुसता कल्ला. गार्गी विचारत होती, फळ्यांना तेल कुठलं लावायचात, खिळे किती, आणि सदूभाऊ हातवारे करून सांगत होता. चाळीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नसावं. मी तर नक्कीच नव्हतं.

लायब्ररीसमोर उतरलो. दर्शनी भिंतीवर रेषा आडव्या. डावीकडे आडव्या. उजवीकडेही आडव्याच. सदूभाऊ चष्मा पुसून पुन्हा बघत होता. "मागं व्हती," म्हणाला. मागे गेलो तर तिथे नवीन बांधलेला भाग, गुळगुळीत, क्रीम रंगाचा. तो त्या रंगाकडे बघत उभा राहिला. "पाडली वाटतं," म्हणाला, आणि मग माझ्याकडे न बघता, "का मलाच तसं वाटत व्हतं, कोण जाणे." मला त्याही क्षणी एक विनोद सुचला होता. तो मी गिळला. घशात अडकला, पण गिळला.

गार्गी दिसत नव्हती. नवीन भाग आणि जुनी इमारत यांच्यामध्ये एक बोळ होता, एसीच्या यंत्रांनी आणि पाण्याच्या टाक्यांनी भरलेला. तिथून तिचा आवाज आला. "काका, इकडे या. पपा, तुम्ही पोट आत घेऊन या."

आम्ही तिरके होऊन आत शिरलो. भिंत होती. उभी. जमिनीपासून छपरापर्यंत फळ्यांच्या रेषा, आणि प्रत्येक रेषेत कमानीवर कमानी, एकूण एक वर निघालेल्या, झाडं वाढावीत तशा. गार्गी खालपासून एकेक फळी मोजत, तपासत गेली. एकही उलटी नाही. "हे खजूर नाहीये, काका," ती म्हणाली. "धिस इज यू." तिच्या मते उंच साहेबाच्या पुढच्या सगळ्या उभ्या रेषा या भिंतीवरून आल्या, आता पुस्तकं बदलायला हवी होती.

"त्याला काय दिसलं ते त्याला ठाऊक," सदूभाऊ म्हणाला. "माझी भिंत पाडली नाय, एवढंच मला ठाऊक." आणि त्यानं दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले. मग माझ्याकडे वळून, "बघितलीस?"

"बघितली, सदूभाऊ."

"मग चल. भूक लागलीय." परतीच्या वाटेवर तो एवढा बोलला की गार्गीच्या मोबाइलची बॅटरी संपली.

परवाच्या शुक्रवारी मी एकटाच जहराला गेलो. पोट आत घेऊन बोळात शिरलो, तळवे भिंतीवर ठेवले. मागून आवाज आला, "क्या देखता है, भाई?" तिथला बांगलादेशी रखवालदार. मी म्हटलं, ये दीवार मेरे भाई ने बनाया. "इंजिनियर था?" नाही म्हटलं, कारपेंटर. आणि मग माझ्या दिव्य हिंदीत मी त्याला ती गोष्ट सांगितली. त्यात कोणी कुणाच्या पाया पडलं नाही, अमीर आले नाहीत. पोरानं फळ्या उभ्या ठोकल्या, साहेबानं हात फिरवला, ठेवा म्हणाला. दोन मिनिटांत संपली. इतकी छोटी आहे ती, हे मला पहिल्यांदाच कळलं.

"फिर?" त्यानं विचारलं.

"फिर कुछ नहीं. दीवार रह गया."

त्यानं वर छपरापर्यंत बघितलं. मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन मोडक्या खुर्च्या उचलल्या आणि पलीकडे नेऊन ठेवल्या.