फुली दिसेनाशी होईपर्यंत

कोइंब्रा शहरातल्या नेत्रालयात दोना ग्रासिएत, म्हणजे ग्रासिएतबाई, सव्वीस वर्षं डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढत होती. आधी दंडात सुई टोचून रंग सोडावा लागे, मग नवं यंत्र आलं आणि नुसत्या उजेडानं पडद्यातलं रक्त कुठून कुठं वाहतंय ते दिसू लागलं. यंत्रं बदलली, बाई मात्र तीच, तिचा हट्टही तोच. डॉक्टर मंडळी तिला वचकून असत. वचकावंच असं तिचं तोंड होतं.

तिचा राग होता तो म्हाताऱ्यांच्या गोड बोलण्यावर. पांढऱ्या कोटापुढं ही माणसं कधी नाही म्हणून म्हणायची नाहीत. दिसतंय का विचारलं की मान आधी हलणार, डोळे नंतर. म्हणून ती कुणाच्या शब्दावर विसंबत नसे, स्वतः तपासून घेई. त्या मंगळवारी मात्र बाहेर रांग लागली होती, आणि ती विसंबली.

लोर्व्हाँव गावाहून एर्मीनियाबाई आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर विलोच्या लाकडाच्या दातकोरण्या चाकूनं कोरणाऱ्या. उजवा डोळा तीन वर्षांपूर्वीच गेला होता. डाव्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, त्यावर तो तग धरून होता. त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवून, आत नजर रोखायला जी फुली असते तिच्याबद्दल ग्रासिएतनं विचारलं, "निळी फुली दिसते?"

"दिसते की, पोरी."

साठी उलटलेल्या ग्रासिएतला पोरी म्हणणारी एवढी एकच बाई उरली होती. तिनं बटण दाबलं. डॉक्टर तेल्मूंनी फोटो पाहून सांगितलं, नजर घालवणाऱ्या नवीन रक्तवाहिन्या वाढलेल्या नाहीत, इंजेक्शन थांबवू, चार महिन्यांनी या. एर्मीनियाबाई मान हलवून निघून गेल्या.

दुपारी फोटो लावून ठेवताना ग्रासिएतचा हात थांबला. पडद्याच्या मधोमध रक्तवाहिन्या नसलेला एक गोल काळा ठिपका असतो, तो या फोटोत पार कोपऱ्यात गेला होता. म्हणजे एर्मीनियाबाईंची नजर फुलीवर सरळ नव्हतीच. तशीच ती डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"हा फोटो चुकलाय."

"यंत्रानं दहापैकी नऊ गुण दिलेत, दोना ग्रासिएत."

"यंत्राच्या बापाचं काय जातंय? फोटो स्वच्छ आहे, पण भलत्या जागेचा. चोर घरात आणि आपण अंगण तपासलंय. चूक माझी आहे, मी पुन्हा काढते."

"बाहेर चौदा जण बसलेत. चार महिन्यांनी बघूच ना."

"तोवर बघायला डोळा राहिला पाहिजे."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "पाच मिनिटं देतो."

"दहा लागतील," म्हणत ती जिना उतरलीसुद्धा.

एर्मीनियाबाई बसथांब्यावर दुपारच्या बसची वाट बघत पाव खात बसल्या होत्या. डॉक्टरांनी बरं म्हटलंय, आता कशाला, म्हणून कुरकुरल्या. ग्रासिएतनं त्यांची पिशवी उचलली आणि चालू लागली, तेव्हा नाइलाजानं मागून येऊन पुन्हा यंत्रापुढं बसल्या.

"आता खरं सांगा. सरळ बघितलं की फुली दिसते?"

म्हातारीनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. "तिरकं बघितलं की दिसते. सरळ बघितलं की काळा डाग येतो मधे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आमच्या शेजारची ओलींपिया दिसत नाही म्हणाली. आता उपयोग नाही म्हणून तिची इंजेक्शनं बंद केली. माझीही केली असती."

ग्रासिएतला आधी संताप आला, मग तो ओसरला. जे टिकवायला बाई खोटं बोलली, तेच त्या खोट्यानं जाणार होतं.

"ऐका. फुली शोधायची नाही. त्या काळ्या डागाखाली लपवायची, म्हणजे नजर सरळ येते. पूर्ण गेली की मला सांगा."

सांगणं सोपं होतं. पण डोळा पुनःपुन्हा उजेडाकडेच पळायचा. पहिला फोटो सरकला. दुसऱ्यात पापणी लवली, पट्टा उमटला. तिसराही फुकट गेला. दहा मिनिटं केव्हाच उलटली होती, दारात परिचारिका दोनदा डोकावून गेली. ग्रासिएतनं दाराला आतून कडी घातली.

"मला नाही जमत, पोरी."

"जमेपर्यंत मी इथंच आहे. पुन्हा."

म्हातारीनं टेबलाची कड घट्ट धरली. "चाललीय... चाललीय... गेली."

"तशीच राहा."

या वेळी काळा ठिपका बरोबर मधे आला, आणि त्याच्या खालच्या थरात गुंतलेल्या दोऱ्यासारखं नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं. डॉक्टर तेल्मूंनी फोटो पाहिला, खुर्ची मागं सारली आणि स्वतः उठून बाहेर रांगेत बसलेल्या एर्मीनियाबाईंकडे आले.

"मघाशी मी चुकीचं सांगितलं, बाई. इंजेक्शन आजच द्यायचं, आणि पुढंही चालू ठेवायचं."

एर्मीनियाबाईंनी आधी ग्रासिएतकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मला मधलं दिसत नाही, हे सांगितलं का हिनं तुम्हाला? तरी देणार?"

"दिसत नाही, म्हणूनच देणार."

उजवा डोळा गेला तेव्हा ही बाई रडली नव्हती. आज भर रांगेत, चौदा माणसांसमोर, ती हुंदके देऊन रडली.