मी मोजलेली जाळी

धुळ्याकडच्या एका धरणातले मासे मी तीन वर्षांत संपवले. पाण्यात पायही न बुडवता, अमळनेरला घरी, पंख्याखाली बसून. मासे संगणकातले होते, एवढंच समाधान. माणसं खरी होती, म्हणून हे लिहितो आहे.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. त्या धरणाला किती मासेमारी झेपेल, याचा अंदाज एका समितीला हवा होता. माशांची संख्या पुढे कशी बदलेल हे दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर मला चालवता येतं, ही अफवा मीच पसरवली होती. सॉफ्टवेअर समुद्रासाठी बनवलेलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ताफ्यात जहाजं किती? आमच्या धरणावर लोक थर्माकोलच्या तराफ्यावर बसतात आणि हातांनी पाणी मारत जाळं टाकायला जातात. मी जहाजांच्या रकान्यात तराफे भरले. सॉफ्टवेअरनं हूं की चूं केलं नाही. कोणत्याही आकड्यावर त्याचा माझ्याइतकाच गाढ विश्वास होता.

मासा एक तर आपल्या मरणानं मरतो, नाही तर जाळ्यात. आपल्या मरणाचा दर सॉफ्टवेअर स्वतःच सुचवत होतं. जाळ्यातल्या मरणाचा दर मात्र मला काढून द्यायचा होता. त्यासाठी एक जाळं दिवसाला किती मासे काढतं आणि गावात अशी जाळी किती, हे कळायला हवं होतं.

एका जाळ्याचं माप मला नानांनी दिलं. नाना म्हणजे धरणाकाठच्या गावातले साठीचे कोळी, जन्म पाण्यावर गेलेला. तीन दिवस मी काठावर बसून त्यांचे कटले आणि रोहू तोलले. सगळ्या गावात त्यांच्यासारखा हात कोणाचा नाही, हे मला चहावाल्यानं सांगितलं होतं. मी ते ऐकलं, चहा प्यालो आणि नानांचा आकडा सगळ्या जाळ्यांना लावून टाकला.

मग जाळी मोजायची होती. नाना म्हणाले, "चला सर, मी दाखाडस. सोसायटीना वहीमा बी लिखेल शे."

"राहू द्या नाना," मी म्हणालो. "विचारलं की लोक कमी सांगतात. मी डोळ्यांनी मोजतो."

हे वाक्य मी वर्गात वीस वर्षं उच्चारत आलो आहे. मुलं ते लिहून घेतात.

मी गावातून फिरलो आणि दिसलं ते प्रत्येक जाळं मोजलं. कुडावर होतं, छपरावर होतं, परसात होतं. नंतर कोळ्यांच्या सोसायटीची वही पाहिली. माझा आकडा तिच्यातल्या संख्येच्या दुपटीहून जास्त भरला, तेव्हा मला फार आनंद झाला. गावाची लबाडी पकडली, असं वाटलं.

मॉडेल चालवलं. मासे भराभर मेले. एक छोटी अडचण उरली. मॉडेलप्रमाणे जेवढे मासे पकडले जात होते, तेवढे सोसायटीच्या विक्रीत कुठेच नव्हते. अशा वेळी शहाणा माणूस आपला आकडा तपासतो. मी अहवालात लिहिलं, 'उर्वरित मासळीची चोरून विक्री होत असावी.' 'असावी' हा शब्द मी सचोटी म्हणून घातला होता. समितीला ते वाक्य सगळ्यात जास्त आवडलं. निम्मे परवाने बंद करायचं ठरलं, चिठ्ठ्या टाकल्या, आणि बंद होणाऱ्यांत नानांचं नाव निघालं. सोसायटीनं हरकत घेतली, तिच्या सुनावणीची तारीख लागली.

दरम्यान मला धुळ्याच्या एका परिषदेत भाषणाचं आमंत्रण आलं. पडद्यावर दाखवायला जाळ्यांचा फोटो हवा होता, म्हणून त्या गावात पुन्हा गेलो. हो, ज्यांचे परवाने माझ्यामुळे जाणार होते, त्यांच्याच परसात फोटो काढायला. नाना बाहेर गेले होते. मी कुडाजवळ मोबाइल धरला, तेवढ्यात त्यांच्या घरातल्या अक्का ओरडल्या, "ओ सर, त्या वांगास्ना जायाना काय फोटू काढतस?"

मी पाहिलं. जाळ्याखाली भरताची वांगी होती. पाखरं आणि वानरं येऊ नयेत म्हणून फाटकं जाळं वर टाकलेलं. शेजारच्या छपरावरच्या जाळ्यानं कडबा दाबून धरला होता, पलीकडच्यात कोंबड्या होत्या. जाळं फाटलं की तिथे ते फेकत नाहीत, घराला लावतात. लहान लेकरालाही माहीत असलेली गोष्ट. मी ती सगळी मासेमारीत धरली होती.

घरी येऊन वहीतला आकडा भरला. मासे टुणटुणीत जगले. मग आठ दिवस मी कोणालाही काही बोललो नाही. त्या आठ दिवसांत भाषण दिलं, टाळ्या घेतल्या, शालही घेतली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी नानांच्या ओट्यावर गेलो. चारपाच परवानेवाले तिथेच बसले होते; रस्त्यापलीकडे त्या चहावाल्याची टपरी होती. मी सगळं सांगितलं. नानांनी विचारलं,

"म्हंजे तुम्हीन वांगा मोज्यात?"

ओटा हसला. एकजण म्हणाला, "आन कोंबड्या बी, नाना! त्यास्ना परवाना काढा आते!"

मी म्हणालो, समितीला पत्र देतो. तिथेच लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'जाळ्यांच्या गणनेत काही त्रुटी राहून गेली असल्याने...'

"कोनी राहू दी, ते कोठे शे?" नाना म्हणाले.

खोडून लिहिलं, मी चुकीची जाळी मोजली. खाली परवाने परत द्यावेत अशी विनंती लिहायला लागलो, तर नानांनी कागदावर हात ठेवला.

"परवानानं मांगे लिखा. आम्ही चोर नही शेतस, ते पहिले लिखा."

मी लिहिलं: 'चोरून विक्रीचा आरोप मी कोणताही पुरावा नसताना केला. तो खोटा आहे.' सही केली.

"आते उभा राहीसन वाचा," नाना म्हणाले. "त्या चहावालाले ऐकू जावाले पाहिजे."

मी उभा राहिलो आणि वाचलं. चहावाला म्हणाला, "ऐकू नही उनं." मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं.