मंगफमध्ये संथ वाजलेली रेकॉर्ड

मोटारींच्या बाबतीत माझ्याशी कोणी वाद घालू नये. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर, तेलाच्या कंपनीत पंपांच्या विजेच्या मोटारी सांभाळण्यात वीस वर्षं गेली. नुसता आवाज ऐकून मी मोटारीचं दुखणं सांगतो.

कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक अमेरिकन रेकॉर्ड प्लेअर आहे, शुक्रवारच्या जुन्या बाजारातून आणलेला. सोबत एकच रेकॉर्ड मिळाली. चार अमेरिकन पोरांचा सायकेडेलिक ब्लूज रॉक बँड. जेमतेम दीड वर्ष टिकला, एवढी एक रेकॉर्ड करून फुटला. पण काय वाजवलंय! जड, संथ, डोकं गरगरवणारी गिटार. बायको म्हणायची, "अहो, त्या गाणाऱ्याला झोप लागलीय का?" मी म्हणायचो, "ह्यालाच ब्लूज म्हणतात. तुला नाही कळायचं."

मुलीला कळलं. सतरा वर्षांची पोर, चार महिने खपून तिनं त्यातलं एक गाणं गिटारवर बसवलं. रेकॉर्डशी जुळावं म्हणून तारासुद्धा सैल केल्या. फोनवर ऐकू का, असं तिनं विचारलं तेव्हा मी उडवूनच लावलं, "फोनवरचं काही खरं नसतं. ऐकायची तर रेकॉर्डच."

मग ती जवळच फहाहीलला मैत्रिणीच्या घरी गेली. शाळेतला बँड, मैत्रीण ड्रम वाजवते, आणखी दोघं आहेत. हिला घ्यायचं की नाही, ते ह्याच गाण्यावर ठरणार होतं. तासाभरात परत आली, डोळे लाल. बाकीच्यांनी गाणं फोनवरून बसवलेलं. त्यांचं वरच्या पट्टीत धावत होतं, हिचं खाली रांगत होतं. सगळे हसले म्हणे. "आय ॲम नॉट गोइंग बॅक," एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं.

मी तावातावानं ते गाणं फोनवर लावलं. खरंच धावत होतं. प्लेअर उलटा केला. खाली लिहिलेलं: एकशेदहा व्होल्ट, साठ सायकल, म्हणजे विजेची सेकंदाला साठ आवर्तनं. व्होल्टसाठी मी ट्रान्सफॉर्मर जोडला होता, तोही मोठ्या दिमाखात. पण ट्रान्सफॉर्मर सायकल बदलत नाही, आणि असल्या मोटारीचा वेग सायकलवरच ठरतो. कुवेतची वीज पन्नास सायकलची, म्हणजे मोटार पहिल्या दिवसापासून हळू फिरत होती. अरे देवा! माझ्या हाताखालच्या कोणी हे केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. माझी अब्रू गेली खड्ड्यात, पोरीचे चार महिने वाया घालवले ह्याचं फार वाईट वाटलं.

तिला तसंच गाडीत बसवलं, त्या घरी गेलो आणि तिघांना हिंदीत सगळं सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही, तिचं एकदा नीट ऐका.

"अंकल, आप इलेक्ट्रिकल इंजिनियर हो ना?" मैत्रिणीनं विचारलं. मी निमूट मान हलवली.

मुलगी वाजवू लागली. थोड्या वेळानं ड्रमवर हळूच ठेका आला. मग बाकीच्या दोघांनीही आपल्या तारा सैल केल्या. ह्या वेळी कोणी हसलं नाही. गाणं असंच करायचं, तिच्यासारखं, असं मैत्रिणीनं जाहीर करून टाकलं.

परतताना माझी छाती फुगली होती. म्हटलं, "काळजी करू नकोस, उद्याच मोटारीचं बघतो. दुरुस्त करून टाकतो."

"डोन्ट यू डेअर, बाबा."