तिघं मिळून दारात

मुरगूडचा सत्कार आटोपून मी थेट उचगावला बहिणीकडे गेलो. फेटा गाडीतच काढून ठेवला. लढाऊ विमानं उडवून मानेचे मणके झिजलेत, फेट्याचं वजनही आता सोसत नाही. पण हे सत्कार करणाऱ्यांना कसं सांगायचं? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील फौंड्रीत ओतकाम करायचे. त्यामुळं वायुदलात मिळालेल्या पदकाचा, शालींचा अभिमान मला आहे, खोटं कशाला बोलू. फक्त आता थकवा येतो.

बहिणीकडचं काम वेगळं होतं. भाचीची वायुदलात वैमानिक म्हणून निवड झाली होती. चार दिवसांत प्रशिक्षणाला निघायचं होतं, आणि बहीण तिला सोडायला तयार नव्हती.

दारातच दाजी म्हणाले, "या पावणं. तुमीच सांगा की आता हिला. आमचं कोन ऐकतंय?"

"ऐकण्यासारखं कधी बोललासा?" बहीण आतून म्हणाली. बाहेर आली ती पदराला हात पुसतच. "आणि दादा, तू भाषान द्यायचं न्हाय. मुरगुडात दिलास न्हवं? बास झालं."

भाची भिंतीला टेकून उभी होती.

"नाही देत भाषण," मी म्हणालो. "विचार काय विचारायचंय ते."

"इमान पडलं, तर सांगायला कोन येतं?"

पदकाबद्दल आजवर खूप जणांनी विचारलंय. हे कुणी विचारलं नव्हतं.

"तुकडीचा कमांडर स्वतः जातो. फोनवर सांगत नाहीत. तो, त्याची बायको आणि डॉक्टर, तिघं घरी जातात."

"तू गेलतास?"

"गेलतो."

दाजी खाकरले. "अगं, चहा टाक की आधी." ती हलली नाही. मीही थांबलो नाही. खोटा धीर देण्याइतकी ताकद त्या दिवशी माझ्यात नव्हती.

"एकदा तर नुसते पेढे द्यायला गेलतो," मी म्हणालो. "आमची पोरगी बारावी पास झालेली. मी आणि तुझी वहिनी निघालो, वाटेत डॉक्टर भेटला, तोही आला गप्पा मारत. माझ्या हाताखालच्या एका वैमानिकाच्या दारात पोचलो. त्याच्या बायकोनं खिडकीतून आम्हा तिघांना बघितलं आणि आतून कडीच घातली. नवरा त्या वेळी वर विमानात होता. आतून म्हणत राहिली, सर, परत जा. दार उघडलं नाही तर बातमी खरी होणार नाही, असं तिला वाटत असणार. मी पेढ्यांचा पुडा खिडकीला लावला, ओरडून सांगितलं, तरी पटेना. नवरा घरी आला तेव्हा उघडलं. तोवर आम्ही तिघं पायरीवर बसून."

दाजी हसले. "कमांडरसायबाला पायरीवर बसिवलं की पोरीनं!"

बहीण हसली नाही.

"आई तुझ्या नोकरीत कधी दार उघडायची न्हाय," ती म्हणाली. "कुणी कडी वाजवली की मला पाठवायची. गुडघं दुखत्यात म्हणायची. गुडघ्याला काय बी झालं न्हवतं तिच्या."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. सुट्टीवर आलो की दार बहीणच उघडायची, आणि आई मागं चुलीपाशी उभी असायची. मला वाटायचं, तिचं कामातून डोकं वर निघत नाही.

पोरीला जा म्हणावं की नको म्हणावं, माझं मलाच ठरेना.

बहिणीनं पोरीकडं बघितलं.

"तिकडं थंडी लई असती काय गं?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते, हसूही आवरत नव्हतं. मलाही आनंद व्हायला पाहिजे होता.

"असते," मी म्हणालो. "स्वेटर दोन दे."

बहीण कपाट उघडायला आत गेली. मी मान खुर्चीच्या पाठीला टेकवली आणि डोळे मिटले.