गरीब ठरण्याचा अर्ज

लेकीच्या घरी सिंगापूरला, बुकित बातोकमध्ये राहायला गेले तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती कपडे वाळत घालायची. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीत नळ्या बसवलेल्या होत्या. लांब बांबूवर ओले कपडे अडकवायचे, चिमटे लावायचे, मग तो बांबू दोन्ही हातांनी उचलून खिडकीबाहेर न्यायचा आणि टोक नळीत खोचायचं. खाली दहा मजले. ओल्या कपड्यांनी बांबू असा जड व्हायचा की दंड थरथरायचे. नात एकदा मदतीला आली, एक टोक धरलं आणि इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली, "आजी, सो हेवी लाह!" आणि पळून गेली.

सकाळी समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतून असेच बांबू बाहेर यायचे. कोणाकडे तान्हं मूल आहे, कोण गणवेशाची नोकरी करतं, सगळं हवेत लोंबायचं. मागच्या टेकडीवर कधीकधी इतकं धुकं असायचं की झाडं नसायचीच, आणि ती इमारत पाण्यावर तरंगल्यासारखी दिसायची. मी खिडकीशी उभी राहून बघत बसायची. माझ्या एका परकराला ठिगळ होतं. तो मी जावयाच्या दोन शर्टांच्या मधे घालायची. एवढ्या उंचावरचं ठिगळ कोण बघणार? पण हात आपोआप तसेच जायचे.

त्या वर्षी लेकीच्या टेबलावर एक कॉलेज होतं. म्हणजे त्याचे कागद होते, पण घरात सगळे तसंच बोलायचो. जावई सकाळी वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसला निघताना बूट घालत विचारायचा, "काय म्हणतंय तुझं कॉलेज?"

हे कॉलेज अमेरिकेत, सफरचंदाच्या बागांच्या एका लहान गावात होतं. लग्नानंतर लेक आणि जावई आधी तिथे राहिले. लेक मराठीतून बी.ए. झालेली. तिथे दुकानात जायची तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्या कॉलेजात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग होता, त्यात ती जाऊन बसली. वर्ग चालवणाऱ्या बाईंनी तिला बोलतं केलं आणि दोन वर्षांनी ऑफिसात टेबल दिलं. पुढे जावयाची नोकरी सिंगापूरला आली, टेबल तिथेच राहिलं. इथे लेकीला काम नव्हतं. दिवसभर ती घरात अशी वावरायची की पाहुणी ती आहे की मी, असं मला वाटायचं.

मग त्या बाईंची ईमेल आली. म्हाताऱ्या झाल्या होत्या, ऑफिसात माणसं कमी होती. एक अर्ज करायचा आहे, मदत करशील का? पगार नाही. लेकीने त्याच सकाळी होय कळवलं आणि मला म्हणाली, "आई, तो संध्याकाळचा वर्ग बंद पडायला आलाय. अर्ज मंजूर झाला नाही तर पुढच्या वर्षी वर्ग नाही."

किती महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर काही हललेलं पाहिलं.

अर्ज कसला ते मला तिने पोहे खाताना समजावलं. तिथलं केंद्र सरकार ज्या कॉलेजांचं पैशाचं बळ कमी आहे त्यांना अनुदान देतं. पण आधी सरकारने मानायला हवं, की होय, या कॉलेजाचं बळ कमी आहे. त्यासाठी दोन गोष्टी दाखवायच्या. एक, त्याच्यासारख्या इतर कॉलेजांपेक्षा हे कॉलेज एकेका मुलामागे कमी खर्च करतं. दुसरी, त्यातली पुरेशी मुलं गरजू आहेत.

"म्हणजे आपण गरीब आहोत असं सिद्ध करायचं," मी म्हटलं.

"अगदी तेच."

माझं त्या दिवशी कामात लक्ष लागेना. आमच्या घरी जन्मभर उलटं चाललेलं. पाहुणे आले की रिकामा डबा वाजू नये म्हणून आई तळाला फडकं घालून ठेवायची.

जावई हसायचा. "आई, तुमची लेक एवढं मोठं कॉलेज गरीब ठरवायला बसलीय. माझे शर्ट कोण इस्त्री करणार?"

"इस्त्रीला अनुदान नाही," लेक आतून म्हणायची.

पहिली गोष्ट झटकन सिद्ध झाली. कॉलेज खर्चच करत नव्हतं, करणार कशातून? दुसरीत अडकलं. मुलगा गरजू आहे की नाही हे सरकार कसं ओळखतं, तर त्याने सरकारी मदतीचा फॉर्म भरलेला असतो आणि त्याला ती मदत मिळत असते. अशी मुलं मोजायची. आणि मोजली तर ती थोडी कमी भरत होती. एक वाट होती. संख्या कमी का भरते याचं कारण लिहून सूट मागता येत होती. पण कारण खरं हवं, पुराव्यानिशी.

"कारणच सापडत नाही," लेक म्हणाली. "मी पाहिलीयेत ना ती मुलं. फाटके बूट घालून बर्फातून यायची. मग आकडा का नाही जुळत?"

दोन-तीन दिवस ती तशीच बसून होती. पुन्हा पाहुणीसारखी.

दुपारी मला झोप लागायची. पंखा फिरायचा, खालून मेट्रोचा आवाज यायचा, पण धडधड नाही, कोणी रेशमी कापड ओढत नेल्यासारखा. अशा एका झोपेत मला ते कॉलेज दिसलं. मी कॉलेज कधी आतून पाहिलेलं नाही, म्हणून असेल, ते मुलीसारखं दिसलं. वर्गात अगदी मागे भिंतीला टेकून बसलेलं. बाहेर पांढरं बर्फ पडत होतं आणि ते दोन्ही हातांनी मांडीवरची चुणी दाबून धरत होतं. कोणीतरी नावं विचारत पुढून येत होतं. जाग आली तर माझेच हात मांडीवर घट्ट होते.

मी चौथीत असताना शाळेत एक पेटी आली होती. कुठल्याशा दानशूर मंडळींनी पाठवलेली. पाट्या, वह्या, कापड. ज्यांची नावं यादीत लागतील त्यांचं पुढच्या शाळेचंही मंडळी बघणार होती. पुढची शाळा दुसऱ्या गावात. गुरुजी म्हणाले, "ज्यांच्या घरी अडचण आहे त्यांनी उभं राहा."

चार-पाच जण उभे राहिले. माझ्या परकराला ठिगळ होतं. आईने ते अशा बेताने लावलं होतं की बसलं की चुणीत जायचं. उभं राहिलं की दिसायचं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं.

"तुझं काय गं?"

"आमच्याकडे सगळं आहे, गुरुजी."

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पुढे गेले. उन्हाळ्यात वडिलांनी विचारलं, हिचं नाव आहे का यादीत? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, राहू दे मग. पुढे कोणी विचारलं की मी सांगायची, शाळा लांब होती. लांब होतीच ती. मी खोटं बोलले नाही. पण हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

झोपेतून उठून मी मेथी निवडायला घेतली. लेक समोर येऊन बसली आणि निवडू लागली. मी मेथीकडे बघतच विचारलं, "तुझ्या त्या मुलांनी फॉर्म भरलेत का?"

"ज्यांना मदत हवी त्यांनी भरलेत."

"आणि हवी असून भरला नाही, असे?"

"आई, मिळतंय ते कोण सोडेल?"

"मी सोडलं होतं."

तिला वाटलं मी रेशनबिशनचं बोलतेय. मी म्हटलं, चौथीत. आणि मग सांगितलं. पेटी, गुरुजी, ठिगळ. बोलताना एक जुडी मी दोनदा निवडली, पानं टाकून दिली आणि काड्या ठेवल्या. लेकीने ती पानं वेचून परत ताटात घेतली.

मग म्हणाली, "तरीच. माझा स्कॉलरशिपचा फॉर्म तू शेजारच्या काकूंकडून तीनदा तपासून घेतला होतास. मी किती चिडले होते."

"चिडली होतीस खरी."

"आणि मुलाखतीला जाताना म्हणालीस, खरं काय ते सांग, घर पत्र्याचं आहे तर पत्र्याचं सांग. मला वाटायचं आईला लाजच नाही."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिचे डोळे भरले होते. ती उठली, मेथी तशीच टाकून आत गेली आणि टाइप करण्याचा आवाज येऊ लागला. तिने बाईंना एवढंच विचारलं होतं, की फॉर्म न भरलेल्या मुलांना कोणी कधी विचारलंय का?

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. नव्हतं विचारलं. बाईंनी मग छोट्या चिठ्ठ्या केल्या, वर लिहिलं की नाव घालू नका, आणि त्या वयात स्वतः वर्गावर्गात जाऊन वाटल्या. आठवड्याभरात उत्तरं जमली. लेक मला एकेक मराठीत सांगायची. कितीतरी मुलं पहाटे सफरचंदं पेट्यांत भरायला जाऊन मग वर्गात येत होती. फॉर्मला आईवडिलांचे कागद लागायचे आणि घरातले म्हणायचे, आपल्या घरातलं सरकारला कशाला दाखवायचं? कोणाला फॉर्म वाचूनच समजला नव्हता. आणि बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, ते गरिबांसाठी असतं, आमच्यासाठी नाही.

"आमच्यासाठी नाही म्हणे," लेक म्हणाली. "बूट बघ म्हणावं तुझे."

"असू दे गं," मी म्हटलं.

त्यातली एक चिठ्ठी तरी मुलीचीच असणार, असं मला वाटलं. का ते सांगता येणार नाही.

मग सूट मागायचं पत्र तयार होऊ लागलं. बाई तिकडून त्या गावातल्या कमाईचे सरकारी कागद पाठवायच्या, लेक इकडे जुळवायची. सकाळी उन्हाची तिरीप तिच्या टेबलावर यायची आणि दुपारपर्यंत सरकत दारापाशी जायची, तरी ती जागची हलायची नाही. मी चहा ठेवून यायची. जावयाने शेवटी इस्त्री स्वतः केली आणि एक कॉलर जाळली.

पत्र झाल्यावर तिने मला बसवून सगळं मराठीत वाचून दाखवलं. मी मनातल्या मनात घाबरले होते. संपल्यावर विचारलं, "त्यात मी नाही ना?"

"नाही गं आई. तू कशी असशील? त्यात फक्त तिथली मुलं."

"बरं झालं."

बरंच झालं. पण स्वयंपाकघरात आल्यावर थोडं रितं रितंही वाटलं. एखादी ओळ चालली असती, नाव न घालता.

पत्र ठरलेल्या दिवसाच्या आत गेलं. मग नुसती वाट. लेक दिवसातून दहा वेळा ईमेल बघायची. वाट बघताना ती मला खाली बाजारात न्यायला लागली. इमारत जुनी, आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबायची नाही, एक मजला चढून वर जायचं आणि मग लिफ्टने खाली. त्या जिन्यात ती एकदा थांबली आणि म्हणाली, "नाही झालं तर त्या वर्गातल्या बायका कुठे जातील? माझ्यासारख्या कोणीतरी असतीलच ना तिथे आत्ता." मी तिचा हात धरून उरलेल्या पायऱ्या चढले. गुडघ्यासाठी धरला असं तिला वाटलं असेल.

त्या सकाळी मी खिडकीशी होते. टेकडीवर धुकं होतं. बांबू भरला होता, चादर पण त्यातच घातली होती, म्हणून तो फारच जड झाला होता. अर्धा खिडकीबाहेर गेला तेवढ्यात लेक आतून किंचाळली. मला मागे वळता येईना. सोडला असता तर सगळं दहा मजले खाली गेलं असतं.

"काय झालं?" मी समोरच्या इमारतीलाच विचारलं.

ती धावत माझ्या मागे आली. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. "झालं, आई. सूट दिली. पात्र कॉलेजांच्या यादीत नाव आलं."

"मग वर्ग?"

"पुढच्या वर्षीही चालू ठेवतायत. बाई म्हणाल्या, यादीत आलो, आता मी बंद करू देणार नाही. अनुदानाचा अर्ज अजून वेगळा करायचाय. हे नुसतं दार उघडलं. आत अनुदान मागायला ढीगभर कॉलेजं उभी असतील."

"उभं तर राहिलं," मी म्हटलं.

तिने माझ्या हातांच्या पुढे हात घालून बांबू धरला. दोघींनी मिळून तो बाहेर नेला आणि नळीत खोचला. लगेच हलका झाला. चादर वाऱ्यावर फुगली, धुकं टेकडीवरून सरकत होतं, आणि लेक बाईंना उत्तर लिहायला पळाली. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने लक्षात आलं, की आज नकळत माझा परकर बांबूच्या अगदी बाहेरच्या टोकाला लागला होता. ठिगळ समोर होतं. समोरच्या खिडकीतली बाई तिचा बांबू लावत होती, तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली, आणि भात लावायला आत गेले.