उपकेंद्राची भिंत

निवृत्तीनंतर परवा माझ्या जुन्या जिल्ह्यातल्या एका गावावरून जाताना गाडी थांबवली. आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीचे पोपडे निघाले होते. क्षयरोगाच्या घोषणेखालून हिवतापाची, तिच्याखालून कुष्ठरोगाची अक्षरं डोकावत होती. नवी मोहीम आली की जुन्या अक्षरांवर चुना मारायचा, हा आमच्या खात्याचा रिवाज. जुना आजार गेला का, हे कोणी विचारत नसे. मी जिल्ह्याचा डॉक्टर होतो. माझी सगळी नोकरी त्या भिंतीवर थराथरानं चढली होती.

दाराला कुलूप होतं. एक बाई तापानं फणफणलेल्या लेकीला भिंतीला टेकवून बसली होती.

“नर्सबाई येणार आहेत का?” मी विचारलं.

“कुणाला ठाऊक,” ती म्हणाली. “पण भिंत गार हाय. तेवढंच पोरीला बरं वाटतं.”